फळप्रक्रियेचा घरगुती धंदा वाढवताना या चुका टाळा

कोकणात मे महिन्यात जो माल तयार होतो, तोच पुढे वर्षभर विकायचा असतो. कोकम, आंबा, फणस आणि काजू बी यांची खरेदी उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत उरकावी लागते, कारण मृगाचा पाऊस सुरू झाला की वाळवण थांबते. खर्च असा एकदम होतो आणि त्याची भरपाई मात्र बारा महिने थोडी थोडी होत राहते. धंदा वाढवण्याचे बेत बहुतेक घरांत गणपतीच्या दिवसांत रचले जातात, चाकरमानी आलेले असतात, सरबताच्या बाटल्या आणि आंबापोळी हातोहात जाते, आणि कुणीतरी म्हणते, "पुढच्या वर्षी दुप्पट करूया." सिंधुदुर्गात कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुले बनवण्याचा धंदा करताना आम्ही नवरा-बायकोने हेच केले आणि त्याची किंमत मोजली. म्हणून पुढच्या बहुतेक चुका ऐकीव नाहीत.

नफा झाला म्हणजे पैसे आहेत असे समजणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती हिशोब लिहिणाऱ्या माणसाकडूनही होते. समजा, गेल्या मे महिन्यात फळ, साखर, मीठ, बाटल्या, लेबले आणि मजुरी यांवर तुम्ही ३,००,००० रुपये घातले आणि वर्षभरात तो सगळा माल ३,७५,००० रुपयांना विकला. नफा ७५,००० रुपये, यात शंका नाही. त्यातून घरखर्चाला ४५,००० रुपये काढले आणि एप्रिलअखेर दुकानदारांकडे ८०,००० रुपयांची उधारी थकली, तर हातात राहिले २,५०,००० रुपये. धंदा नफ्यात आहे, पण नव्या हंगामासाठी गेल्या वर्षीपेक्षा ५०,००० रुपये कमी आहेत. अशा स्थितीत दुप्पट माल करायचा म्हटला तर ६,००,००० रुपये लागतील आणि ३,५०,००० रुपये कुठून तरी उभे करावे लागतील. विक्री वाढत असताना घरातले दागिने गहाण पडतात ते याच कारणाने, आणि ज्याच्यावर ही पाळी येते त्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले, कुणीतरी पैसे खाल्ले. कुणीही खाल्लेले नसतात. ते बाटल्यांत आणि उधारीत अडकलेले असतात.

हे टाळण्यासाठी नफ्यातोट्याच्या हिशोबाबरोबर एक वेगळे पान ठेवावे, ज्यावर जूनपासून मेपर्यंत दर महिन्याला प्रत्यक्ष किती पैसे येतील आणि किती जातील एवढेच लिहिलेले असेल. वाढ किती करायची हे त्या पानावरील एप्रिलच्या आकड्यावरून ठरवावे, गणपतीतल्या विक्रीवरून नव्हे. कर्ज घ्यायचेच असेल तर कच्च्या मालासाठी खेळत्या भांडवलाची मर्यादा, म्हणजे कॅश क्रेडिट, मागावी. वर्षभरात विकल्या जाणाऱ्या मालासाठी पाच वर्षांचे मुदत कर्ज घेऊ नये आणि यंत्रासाठी कॅश क्रेडिट वापरून टाकू नये. ही अदलाबदल झालेली खाती हंगामाच्या तोंडावर हमखास अडकतात.

अडचण कुठे आहे हे न पाहता यंत्र घेणे

आमच्या धंद्याच्या तिसऱ्या वर्षी आम्ही बाटल्या भरण्याचे यंत्र कर्जाने घेतले. हाताने बाटल्या भरताना रात्रीचे दोन वाजत, म्हणून तीच मुख्य अडचण वाटली. प्रत्यक्षात आमचा धंदा खळ्यात अडत होता. आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एका वेळी कोकमाच्या ८० किलो साली पसरता येतात आणि रसाची पुटे देत देत त्यांची आमसुले व्हायला सहा दिवसांचे कडक ऊन लागते. १ मेपासून ३० मेपर्यंत पाच खेपा, म्हणजे ४०० किलो साली, याच्या वर एक किलोही जात नाही. आम्ही मात्र नव्या यंत्राच्या भरवशावर ६५० किलो साली निघतील इतके फळ घेतले. शेवटच्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला. ताडपत्रीखाली ढीग करून ठेवलेल्या साली तिसऱ्या दिवशी उघडल्या तेव्हा वरून त्या चांगल्या लाल-काळ्या दिसत होत्या. एक उलगडून पाहिली तर आतल्या घडीत कापसासारखी पांढरी बुरशी होती. माझ्या पत्नीने एकेक साल उलगडून निवडायला सुरुवात केली आणि दोन तासांनी न बोलता पाटी खाली ठेवली. सगळा ढीग टाकावा लागला.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक टप्प्यासमोर एका आठवड्यात तो किती किलो झेपवतो हे लिहितो: फळ धुणे, कापणे, वाळवणे, भरणे, साठवणे. ज्या टप्प्याचा आकडा सर्वांत लहान, तेवढाच आपला धंदा. पैसा आधी तिथे घालावा. आमच्यासाठी सौर वाळवणी यंत्र हा त्या वर्षीचा योग्य खर्च होता आणि तो बाटल्या भरण्याच्या यंत्राच्या निम्म्या रकमेत झाला असता.

अनुदान मिळते म्हणून यंत्र घेणे हा याच चुकीचा दुसरा प्रकार. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या नव्या उद्योगाला सर्वसाधारण गटासाठी २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांसाठी ३५ टक्के अनुदान मिळते, पण ती रक्कम तीन वर्षे बँकेत अडकून राहते आणि तोवर हप्ते आपल्यालाच भरायचे असतात. योजना चांगली आहे. मात्र अनुदान नसते तरी हे यंत्र घेतले असते का, हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला विचारावा.

घरच्यांचे श्रम फुकट धरून किंमत ठरवणे

सरबताची एक बाटली १२० रुपयांना विकली जाते आणि तिच्यात फळ, साखर, बाटली व लेबल मिळून ७८ रुपये जातात, असे धरू. ओट्यावर उभे राहून विकणाऱ्याला ४२ रुपये सुटलेले दिसतात. वाढ झाली की कापायला आणि भरायला बाहेरच्या बायका बोलवाव्या लागतात, बाटलीमागे २२ रुपये मजुरी बसते. माल दुकानातून जाऊ लागला की दुकानदार २५ टक्के, म्हणजे ३० रुपये ठेवून घेतो. आता प्रत्येक बाटलीमागे १० रुपये तोटा आहे, आणि जितक्या जास्त बाटल्या तितका तो मोठा. सासूबाई आणि जावा यांच्या न मोजलेल्या कष्टांवर बेतलेली किंमत घरापुरती टिकते, धंदा वाढवताना टिकत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून घरच्यांची मजुरी चालू दराने वहीत धरावी आणि शक्य असेल तर ती त्यांच्या हातात द्यावी. माझ्या मते हे हिशोबाइतकेच न्यायाचेही काम आहे.

उधारी, परवाने आणि वादळ

एकाच मोठ्या खरेदीदारावर अवलंबून राहणे आकर्षक वाटते, कारण माल एका खेपेत जातो. आमचा असा एक खरेदीदार मुंबईचा होता. त्याने सात महिने पैसे दिले नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे आणि ती असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने आधार दिला आहे: लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशिरासाठी चक्रवाढ व्याज मागता येते. आमची नोंदणी होती, पण माल पोचल्याची सही केलेली पावती नव्हती. ती घ्याच.

सिंधुदुर्गातून गोव्याला किंवा बेळगावला माल पाठवणाऱ्यांचा एक गैरसमज नेहमी आढळतो. वस्तूंच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची ४० लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. खाद्यपदार्थ राज्याबाहेरच्या दुकानाला विकले की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. तसेच अन्न परवान्यातील मूळ नोंदणी लहान उलाढालीपुरती असते, तेव्हा वाढीचा बेत करतानाच पुढच्या परवान्याची चौकशी करून ठेवावी.

साठ्याचा विमा हा सर्वांत दुर्लक्षित खर्च. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. फ्रीझरमध्ये आंब्याचा रस ठेवणाऱ्याने त्या दिवसांची कल्पना करावी. तो हंगाम नुकताच संपलेला असतो, म्हणजे वर्षभराचा सगळा पैसा नेमका तेव्हाच मालात असतो. विमा काढताना पॉलिसीत यंत्रे आणि इमारतीबरोबर तयार माल स्वतंत्र लिहिला आहे का, आणि वीज गेल्याने खराब झालेला माल त्यात धरला आहे का, हे वाचून घ्यावे.

यंदा आम्ही खळ्याच्या कडेला वाळवणी यंत्र बसवले आहे, त्यामुळे आठवड्याला ३० किलो साली जास्त वाळतील. म्हणून फळही तेवढ्याच बेताने सांगितले आहे.