पोटरीला हात लावण्याआधी

फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी, म्हणजे रोगांचं शास्त्र, आलं की बहुतेकांना वाटतं, हा विषय पास होण्यापुरता. मलाही तसंच वाटलं होतं. थ्रॉम्बस, एम्बोलस, इन्फार्क्शन (रक्त न पोचल्याने तो भाग मरणं), सगळ्या व्याख्या घोकल्या, पेपरात उतरवल्या आणि विसरून गेले.

इंटर्नशिपमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झालेल्या एक आजी होत्या. म्हणाल्या, "पोटरी ठणकतेय गं पोरी, जरा चोळून दे." मी हात पुढे केलाच होता, तेवढ्यात सीनियर मॅडमनी थांबवलं आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजायला लावला. दुखरी पोटरी साडेतीन सेंटिमीटरने जास्त भरली, हाताला गरमही लागत होती. लगेच सर्जनना कळवलं. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, खोल शिरेत गुठळी दिसली.

शिरेत जागच्या जागी धरून बसलेली गुठळी म्हणजे थ्रॉम्बस. तीच सुटून रक्ताबरोबर वाहायला लागली की एम्बोलस. पायातून निघून हृदयामार्गे फुप्फुसाच्या धमनीत अडकली, तर जिवावर बेततं. मी चोळलं असतं तर ती सुटू शकली असती. हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

आजी म्हणाल्या 'ठणकतेय', ते सिम्प्टम. टेपवरचा आकडा आणि गरमपणा आपण तपासून काढला, ते साइन. केस लिहिताना दोन्ही एका रकान्यात कोंबू नका. आणि पेशंट ठणका, कळ, चमक, मुंग्या असं जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा, नुसतं 'पेन' लिहून मोकळे होऊ नका. मुंग्या म्हटल्यावर आधी नसेचा, म्हणजे मज्जातंतूचा, विचार करावा लागतो.

दाहाची, म्हणजे इन्फ्लमेशनची, चार चिन्हं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. त्या अवयवाचं काम बंद पडणं हे पाचवं चिन्ह नंतर जोडलं गेलं. आपला सगळा पेशा या पाचव्यासाठी आहे, असं मी मानते.

अ‍ॅट्रोफी (स्नायू किंवा अवयव रोडावणं), हायपरट्रॉफी (तो जाड होणं), इस्केमिया (रक्तपुरवठा कमी पडणं) हे शब्द एका संध्याकाळी पाठ होतात. 'प्लेजिया' म्हणजे ताकद पूर्ण गेलेली, 'पॅरेसिस' म्हणजे थोडी शिल्लक, एवढं पक्कं करा.

खरा वेळ द्या मणक्याच्या शब्दांना. स्पॉन्डिलोसिस म्हणजे झीज, स्पॉन्डिलायटिस म्हणजे दाह, स्पॉन्डिलोलायसिस म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीतला तडा आणि स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणजे मणका सरकणं. सुरुवात सारखी, फरक शेपटात. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, म्हणजे मणके हळूहळू आखडवणाऱ्या दाहात, पाठ पुढे वाकत जाते, म्हणून मागे ताणण्याचे व्यायाम आवर्जून देतात. मणका पुढे सरकलेला असेल तर तेच व्यायाम सहसा टाळतात. फाइलवर घाईत 'स्पॉन्डि' एवढंच खरडलेलं असेल, तर पूर्ण शब्द विचारून घेतल्याशिवाय पेशंटला या व्यायामांसाठी पालथं झोपवू नका.