जुन्या गाडीची देखभाल : मीटरपेक्षा तारीख पाहा

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत प्रत्येक कामापुढे दोन आकडे असतात : इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांतलं जे आधी होईल ते. नवी गाडी रोज पळते, त्यामुळे किलोमीटर पाहिले तरी भागतं. पंधरा-वीस वर्षांची गाडी बऱ्याचदा वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच फिरते आणि तिची झीज उभ्याउभ्याच होत राहते. रबर कडक होतं, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) गंज रोखणारी द्रव्यं संपत जातात. मीटर मात्र जागचं हलत नाही. म्हणून जुन्या गाडीचं वेळापत्रक तारखेवर बसवायचं.

गाडी नुकतीच हाती आली असेल आणि आधीच्या कामांची लेखी नोंद नसेल, तर काहीच झालेलं नाही असं धरून चाला. ‘मागच्या वर्षीच केलंय’ हे तोंडी आश्वासन नोंद नव्हे. सगळी ऑइलं, कूलंट, फिल्टर आणि टायमिंग बेल्ट एकदा बदला, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा आणि तिथून मोजणी सुरू करा.

सुरुवात टायमिंग बेल्टपासून

क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे आधी पुस्तिकेत पाहा. बेल्ट असेल तर बदलायची मुदत इंजिनानुसार साधारण ६०,००० ते १,००,००० किमी किंवा पाच-सात वर्षं असते. तुटण्याआधी बेल्ट बहुतेक वेळा कसलीच सूचना देत नाही. वरून गुळगुळीत, काळाभोर दिसणाऱ्या बेल्टचे दात मुळाशी तडकलेले असू शकतात, त्यामुळे ‘अजून चांगला दिसतोय’ या निकषाला अर्थ नाही.

पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबते, क्रँकशाफ्ट मात्र वेगात फिरत राहते आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि मार्गावर ठेवणाऱ्या पुली) बदलाच. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही बदला, कारण महिन्याभराने पंप गळला तर पुन्हा तेवढंच सगळं उघडावं लागेल. क्रँक आणि कॅमचे ऑइल सीलही तेव्हाच पाहून घ्या, कारण गळक्या सीलचं ऑइल नव्या बेल्टचं रबर फुगवतं. बेल्ट बसवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि क्रँक-कॅमच्या पुलींवरच्या सगळ्या खुणा जुळतात का पाहा. मध्येच अडलं तर जोर लावू नका. खूण एखाद्या दाताने चुकलेली असते.

इंजिन ऑइल

लांब पल्ल्याला १०,००० किमी किंवा एक वर्ष ठीक आहे. पण रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीला ५,००० किमी किंवा सहा महिने हेच माप योग्य. इंजिन पुरेसं तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही, आणि त्यातून आत चिखल साचतो.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट निघतं. गाडी सपाट जागी उचला, स्टँड लावा, आणि नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नका. ड्रेन बोल्ट रिंग पान्याने किंवा सॉकेटने सोडा, साध्या उघड्या पान्याने त्याचे कोपरे घासतात. पंधरा मिनिटं निथळू द्या. फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरसोबतच आली का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं आणि मिनिटाभरात इंजिन कोरडं पडू शकतं. बसायची जागा फडक्याने पुसा, नव्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवा आणि तिथून साधारण पाऊण फेरा आणखी. पाना लावायची गरज नाही.

ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाका. जुना वॉशर गळतो, मग माणूस बोल्ट आणखी आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या संपचे (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्याचे) आटे जातात. ऑइल पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पाहत वरच्या खुणेपर्यंत न्या. खुणेच्या वर गेलं तर क्रँक ते घुसळून फेस करते आणि फेसाने बेअरिंगला नीट वंगण मिळत नाही. ग्रेड पुस्तिकेतलीच ठेवा. इंजिन ऑइल पितं म्हणून जाड ऑइल ओतलं, तर थंड इंजिन सुरू करताना ते वर कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं.

काढलेलं ऑइल नीट पाहा. काळं असणं दोष नाही, डिझेलचं तर थोड्याच दिवसांत काळं होतं. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर कूलंट मिसळतोय. फक्त वरच्या झाकणाखाली पांढरट थर असेल तर ती छोट्या फेऱ्यांतून साचलेली वाफ असू शकते. चकाकणारे धातूचे कण मात्र बेअरिंगची झीज सांगतात.

ब्रेक ऑइल

दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो वा न चालो. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा किमान १५५°. लांब उतारावर ब्रेक तापले की ओलं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं.

टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवं भरा. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला नसेल तर टाकीपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. चाकाजवळच्या ब्रेकवरच्या निपलला (हवा आणि ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. मदतनीसाने पेडल हळू दाबायचं, तुम्ही निपल सोडायचं, आणि पेडल वर सुटायच्या आत बंद करायचं. स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

जुन्या गाडीत इथे एक धोका असतो. रोजच्या वापरात पेडल अर्धंच दाबलं जातं, त्यामुळे मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचा) पुढचा न वापरलेला भाग आतून गंजतो. एअर काढताना पेडल तळाला टेकवलं की सील त्या खरबरीत भागावर घासून फाटतं, आणि ब्रेकचं काम करायला गेलेली गाडी ब्रेकशिवाय उभी राहते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. निपल गंजलेलं असेल तर आदल्या दिवशीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो.

चाक काढलेलंच आहे तर पॅडची जाडी मोजा, ३ मिमी उरली की बदला. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने सरकायला हव्यात. अडकल्या तर एकीकडचं पॅड झिजतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

कूलंट आणि बाकीचं

झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. साधा हिरवा कूलंट दोन वर्षांनी बदलावा, डिस्टिल्ड पाण्यासोबत निम्मा-निम्मा. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात. रंग पाहून दोन कूलंट मिसळू नका, रंगाचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. भरताना हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे तिथली हवाही निघते. होज पाईप बोटांनी दाबा : करकरला, तडा दिसला किंवा क्लँपजवळ मऊ पडला असेल तर बदला.

एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग सोपे आहेत. प्लग साध्या निकेलचे असतील तर ते २०,००० ते ३०,००० किमीला बदला आणि फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टोकांमधलं अंतर तपासा. हलका तपकिरी प्लग निरोगी, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ऑइलने ओला म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत.

टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधला दुवा) हाताने सेट करायचे असतील तर थोडा आवाज करणारा टॅपेट बरा. जास्त आवळला की आवाज जातो, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर उरली असली तरी दहा वर्षांचा टायर काढाच, आणि स्टेपनी मोजायला विसरू नका. बॅटरी रात्रभर विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. पुढच्या चाकांजवळचे ॲक्सलचे रबरी बूट दर सहा महिन्यांनी पाहा. बूट फाटलेला वेळेत सापडला तर नुसता बूट आणि ग्रीस, उशीर झाला तर वळताना कटकट वाजणारा अख्खा जॉइंट.

काम संपलं की रात्री इंजिनाखाली आणि चाकांशी मोठे पुठ्ठे पसरा. सकाळी तपकिरी-काळा डाग दिसला तर इंजिन ऑइल, गोडसर वासाचा रंगीत डाग म्हणजे कूलंट, लालसर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या रेषेत फिकट, निसरडा डाग असेल तर ते ब्रेक ऑइल, आणि ती गाडी दुरुस्त होईपर्यंत जागेवरून हलवायची नाही.