ब्लॅक सबाथ ऐकायला सुरुवात कुठून करायची

ब्लॅक सबाथ म्हणजे इंग्लंडचा हेवी मेटल बँड, त्यांचे स्टुडिओ अल्बम 19 आहेत आणि नवीन माणूस काय करतो, पहिल्यापासून एकेक लावत बसतो अन सातव्या-आठव्याला वैतागून सोडून देतो. तसं करू नका.

आधी एक, मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, गीझर बटलरची बेस गिटार, म्हणजे खालच्या जाड सुरांची, त्यात येतच नाही. साधे वायरवाले इअरफोन असले तरी भागतं.

सुरुवात दुसऱ्या अल्बमपासून, पॅरानॉइड, 1970. इंग्रजी समजलं नाही तर राहू द्या, रिफ धरा, म्हणजे गिटारचा तो फिरून फिरून येणारा तुकडा. आयर्न मॅनचा रिफ एकदा बसला की दिवसभर डोक्यात वाजायलाय म्हणून समजा.

मग पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, शक्यतो रात्री. पाऊस, घंटा, अन मग तीन सूर. गावात भजनी मंडळाची पेटी असेल तर काढून बघा: सा, वरचा सा, मग तीव्र म, सावकाश. सगळी भीती त्या तीव्र मध्यमात आहे. (हा अख्खा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केलेला, आजकाल लोकं एका रीलला दोन दिवस लावायलेत.)

आता बँडचा गिटारवाला, टोनी आयोमी. वाळूजच्या कारखान्यात प्रेसवर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळंल. बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं गाव, पोरगं 17 वर्षांचं, नोकरीचा शेवटचा दिवस, दुसरा कामगार आला नाही म्हणून ह्याला मशीनवर बसवलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच! पठ्ठ्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, वरून चामडं लावलं, तारा हलक्या घेतल्या. पुढं पट्टीच उतरवली, तारा सैल झाल्या, बोटांना सोपं गेलं अन आवाज लई जड झाला. ते ऐकायचं तर 1971 चा मास्टर ऑफ रिॲलिटी, बरीचशी गाणी तीन पट्ट्या (म्हणजे दीड सूर) खाली आहेत, माझ्या मते ह्यांचा सगळ्यात भारी अल्बम हाच.

तिथून 1980 च्या हेवन अँड हेलवर उडी मारा. 1979 ला मूळचा गायक ऑझी ऑसबॉर्नला काढलं, रॉनी जेम्स डिओ आला, गळा एकदम वेगळा. काही जण त्याला सबाथ मानत नाहीत, मानू द्या. त्यानंतर माणसं येत-जात राहिली, आयोमी तेवढा टिकून, तो काळ आत्ता सोडला तरी चालतंय.

शेवटी 2013 चा 13, ऑझी परत. मग 5 जुलै 2025 च्या बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कमधल्या शोचे व्हिडिओ बघा, मूळचे चौघं एकत्र, ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि 22 जुलैला गेला.

एवढं पचलं तर जुडास प्रीस्ट हा बँड लावा, तेही बर्मिंगहॅमकडचेच.