सिग्नल नेमका कुठे तुटतो?
झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे आडवी पांढरी रेघ असते, ती स्टॉप लाइन. लाल दिव्याला पुढचं चाक या रेघेच्या अलीकडेच हवं. झेब्रावर उभी केलेली दुचाकीही नियमभंगच. पिवळा दिवा म्हणजे ‘पळव’ नव्हे! रेघेपूर्वी थांबा, अगदी जवळ आलात आणि ब्रेक दाबला तर मागचा धडकेल, तेव्हाच पुढे जा. लुकलुकणाऱ्या पिवळ्याला वेग कमी करा. लुकलुकणाऱ्या लालला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा बघून निघा. डावीकडे वळणंही लालवर सरसकट मोकळं नसतं, तशी पाटी किंवा हिरवा बाण लागतो. लाल सिग्नल तोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये येतं: पहिल्यांदा 1000 ते 5000 रुपये दंड, कैदही होऊ शकते. चौकात पोलीस हातवारे करत असेल तर दिव्याकडे बघू नका, त्याचाच इशारा पाळा.