गॉस्पेल गीताचा कर्ता कसा शोधावा

एखादे गॉस्पेल गीत, म्हणजे इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीत, कोणी लिहिले, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो, कारण शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि धृपद आणखी कोणाचे, असे या गीतांच्या बाबतीत वारंवार घडलेले आहे. म्हणून कडवी, धृपद आणि चाल यांचे कर्ते आरंभापासूनच वेगवेगळे नोंदवावेत. पुष्कळ इंग्रजी गीतपुस्तकांत शब्दकाराचे नाव पानाच्या वर डावीकडे आणि संगीतकाराचे उजवीकडे असते. काहींत दोन्ही नावे तळाशी सापडतात. नावाजवळचे वर्ष जन्ममृत्यूचे आहे की गीताचे, तेही पाहून घ्यावे.

'शॅल वुई गॅदर ॲट द रिव्हर' या १८६४ च्या गीताचे शब्द आणि चाल दोन्ही अमेरिकेतील ब्रुकलिनचे, बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) रॉबर्ट लोरी यांची आहेत. याउलट १८७२ च्या 'आय नीड दी एव्हरी अवर'ची कडवी त्यांच्याच मंडळीतील (चर्चच्या उपासक-समुदायातील) ॲनी हॉक्स यांनी लिहिली आणि लोरींनी त्यांना चाल लावून धृपद जोडले. 'लीनिंग ऑन दी एव्हरलास्टिंग आर्म्स' (१८८७) याहूनही गुंतागुंतीचे आहे. पत्नी गमावलेल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना सांत्वनपत्रे लिहिताना संगीतशिक्षक अँथनी शोवाल्टर यांना बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातील ३३:२७ हे वचन आठवले, त्यावर त्यांनी धृपद व चाल रचली आणि कडव्यांसाठी पाळक एलिशा हॉफमन यांना विनंती केली. पानावर केवळ हॉफमन यांचे नाव वाचून थांबणाऱ्याच्या हातून हा सारा प्रसंग निसटतो.

यानंतर गीतामागचे शास्त्रवचन शोधावे. पाळकांची गीते बहुधा उपदेशाच्या अनुषंगाने जन्मत, त्यामुळे वचन सापडले की रचनेचा हेतू कळू लागतो. लोरींच्या नदीगीतासाठी बायबलच्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाचा २२ वा अध्याय उघडावा.

सर्वाधिक सावधगिरी गीताच्या जन्मकथेबाबत बाळगावी. कथा जितकी रसाळ, तितकी तिची तारीख आधी तपासावी. 'अमेझिंग ग्रेस' वादळात सापडलेल्या जहाजावर लिहिले गेले, असे आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात ते वादळ १७४८ चे आहे. गीताचे कर्ते जॉन न्यूटन यांनी गुलामांच्या व्यापारातील सफरी त्यानंतरही काही वर्षे चालू ठेवल्या, १७६४ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि हे गीत त्यांनी इंग्लंडमधील ओल्नी येथे धर्मगुरू असताना १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपदेशासाठी रचले. आज परिचित असलेली चाल त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली गेली, आणि 'दहा हजार वर्षे' हे शेवटचे म्हणून गायले जाणारे कडवे तर न्यूटन यांचे नव्हेच. तेव्हा प्रत्येक कडवे मूळ प्रकाशनाशी, म्हणजे येथे १७७९ च्या 'ओल्नी हिम्स'शी, ताडून पाहावे.

पाळकाचे चरित्र मी शेवटी वाचण्यास सांगेन, नाहीतर प्रत्येक ओळ त्याच्या आयुष्याशी जोडण्याचा मोह आवरत नाही. चार्ल्स अल्बर्ट टिंडली मात्र याला अपवाद आहेत. मेरीलँडमध्ये एका गुलाम पित्याच्या पोटी १८५१ मध्ये जन्मलेले टिंडली फिलाडेल्फियातील मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या ज्या चर्चमध्ये झाडलोट करीत, त्याच मंडळीचे पुढे पाळक झाले. 'स्टँड बाय मी' किंवा 'वुई'ल अंडरस्टँड इट बेटर बाय अँड बाय' यांतील हालअपेष्टा कोणाच्या आहेत, हे ती मंडळी ठाऊक असल्याशिवाय उमगत नाही. म्हणून त्यांच्या गीतांसाठी चरित्र आणि मूळ पाठ शेजारीशेजारी ठेवूनच वाचन करावे.