श्रीलंकेची प्राचीन नगरे आणि गॉलचा किल्ला कसा पाहावा

श्रीलंकेत पुष्कळ प्रवासी सिगिरियाच्या खडकापासून सुरुवात करतात, परंतु ही नगरे कालक्रमाने पाहिली तरच उलगडत जातात. म्हणून आधी अनुराधापूर, मग सिगिरिया, त्यानंतर १२ व्या शतकात बहरलेले पोलोन्नरुवा आणि शेवटी दक्षिण किनाऱ्यावरील गॉल असा मार्ग आखावा. फेब्रुवारी आणि मार्च हे महिने या आखणीला सोयीचे आहेत, कारण उत्तरेकडील ईशान्य मोसमी पाऊस तोवर ओसरलेला असतो आणि गॉलचा पावसाळा मे महिन्यात सुरू व्हायचा असतो.

अनुराधापुराला दोन दिवस द्यावेत. ११ व्या शतकाच्या आरंभापर्यंत, हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी राहिलेले हे नगर कोरड्या प्रदेशात तगले ते साठवलेल्या पाण्याच्या बळावर. त्यामुळे पहिली संध्याकाळ स्तूपांकडे न जाता तिस्स वेवा या तलावाच्या बांधावर घालवावी. ५ व्या शतकात धातुसेन राजाने कला वेवा हा विशाल जलाशय बांधला आणि तेथून निघालेल्या कालव्याने या तलावाला पाणी पुरवले. दुसऱ्या दिवशी ‘कुट्टम पोकुण’ ही जोडकुंडे पाहताना नुसते काठावर उभे राहू नये. पाणी जिथून आत येते त्या टोकाला दगडात घडवलेले लहान हौद आहेत. गाळ त्यांत बसे आणि निवळलेले पाणी मकरमुखातून कुंडात पडे. ही योजना एकदा लक्षात आली की साऱ्या नगराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

श्री महाबोधी वृक्ष आणि रुवनवेलिसाय स्तूप ही जागती श्रद्धास्थाने आहेत. तेथे खांदे व गुडघे झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे घालावेत, टोपी व पादत्राणे काढावीत आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. दुपारी फरसबंदी इतकी तापते की अनवाणी चालणे कठीण होते, म्हणून पायमोजे जवळ असावेत. जून महिन्यातील पोसोन पौर्णिमेला येथे भाविकांची अतोनात गर्दी असते. निवांत अवशेष पाहायचे असतील तर ती तिथी टाळावी.

सिगिरिया पहाटेच चढावे. धातुसेनाला ठार करून गादीवर आलेल्या काश्यपाने ५ व्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसवली. वंशकथेनुसार, काश्यपाने खजिना मागितला तेव्हा धातुसेनाने कला वेवाचे पाणी ओंजळीत घेऊन हीच आपली संपत्ती असल्याचे सांगितले. आदल्या दिवशी त्या तलावांचे महत्त्व समजून घेतले असेल, तर या कथेचे मोल खडकाच्या पायथ्याशीच कळते. वरच्या भित्तिचित्रांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

पोलोन्नरुवासाठी एक दिवस पुरतो आणि अवशेष विखुरलेले असल्याने सायकल घेणे उत्तम. गल विहारातील एकाच कातळात कोरलेल्या चार बुद्धमूर्तींपुढे मात्र घाई करू नये. येथील चंद्रशिला, म्हणजे पायऱ्यांशी बसवलेला अर्धवर्तुळाकार नक्षीदार दगड, अवश्य न्याहाळावा. अनुराधापुराच्या चंद्रशिलेवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल यांची रांग असते. येथे त्या रांगेत बैल नाही. चोळांच्या राजवटीनंतर वाढलेल्या हिंदू प्रभावामुळे, नंदीवर पाय पडू नये म्हणून तो वगळला गेला, असे मानले जाते. या स्थळांच्या तिकिटात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळत आली आहे, म्हणून मूळ पासपोर्ट बरोबर ठेवावा.

गॉलला मुक्काम किल्ल्याच्या आतच करावा. पोर्तुगिजांनी घातलेला हा कोट १६४० मध्ये डचांनी जिंकला आणि पुढे भक्कम केला. जुन्या दरवाजातून आत जाताना बाहेरच्या अंगाला ब्रिटिश राजचिन्ह दिसते आणि आतल्या अंगाला डच ईस्ट इंडिया कंपनीचे १६६९ सालचे चिन्ह. जमिनीकडील सूर्य, चंद्र आणि तारा या तीन बुरुजांपासून निघून, ऊन उतरल्यावर, तटावरून पूर्ण फेरी मारावी. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचे गाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा याच तटाने आतली वस्ती बऱ्याच अंशी वाचवली. डचांनी बांधलेली भुयारी गटारे भरती-ओहोटीच्या पाण्याने धुतली जात, हे ठाऊक ठेवून गल्ल्यांतून फिरावे.