गंगेकाठच्या गावात रेस्क्यू टीम उभी करायची तर

मराठवाड्यात कुठं आलाय समुद्र, तुम्ही कोणाला वाचवायलात, असं म्हणून हसणारे लई भेटतात. त्यांना म्हणावं नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, भरल्यावर एकदा जाऊन बघा, ५५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद पाणी, वारं सुटलं की लाटा अशा उठतात की मच्छीमारांचा थर्माकोलचा चप्पू (तराफा) पार उलटापालटा होतो. आणि कोकणात निदान १५५४ फिरवला की कोस्ट गार्डला कळतं, आपल्याकडं केंद्राचं आपत्ती दल एनडीआरएफ यायचं पुण्याहून आणि राज्याचं एसडीआरएफ धुळ्याहून, गाड्या निघून नांदेड-परभणीला पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो, अन माणूस बुडायला मिनिटं लागतात. म्हणून जे काय करायचं ते गावातल्या पोरांनीच करायचंय. आम्ही गोदावरीकाठच्या गंगाखेड-पूर्णा पट्ट्यातले, गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, काही वर्षं हे काम करायलोत, चुका करत करत जे कळलं ते लिहितोय.

पहिली चूक सगळेच करतात ती म्हणजे गावातले पट्टीचे पोहणारे गोळा करायचे. आम्हीबी तेच केलं. आता मला विचाराल तर पोहणारे चार असले तरी पुरे, दोरी टाकणारे आठ पाहिजेत. बुडणारा माणूस जीव खाऊन गळ्याला मिठी मारतो, कितीबी तगडा पोरगा असू द्या, खाली घेऊन जातो, मग एकाच्या जागी दोन शोधायचे. म्हणून क्रम पाठ करून घ्या: आधी काठावरून काठी, बांबू, धोतर, साडी जे हाताला लागेल ते पुढं करायचं, नाही पोचलं तर दोर फेकायचा, नाही जमलं तर चप्पू किंवा बोट, आणि स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, तेबी जॅकेट घालून, कमरेला न बांधता हातात धरलेल्या ट्यूबसकट.

दोराचं सविस्तर सांगतो कारण इथंच सगळं आहे. शेतातला सुती नाडा, कासरा, नायलॉनचा दोर, हे सगळे पाण्यात बुडतात. आमच्या पहिल्या सरावात मस्त जाडजूड नायलॉनचा दोर आणला होता, फेकला आणि गेला तळाला, जाऊन वेड्या बाभळीच्या मुळीला असा अडकला की कापूनच काढावा लागला, सगळं गाव काठावर बसून हसायलं. दोर पाहिजे तो पॉलिप्रॉपिलीनचा, दुकानात प्लास्टिकचा पिवळा-निळा मिळतो तो, घेताना तुकडा बादलीत टाकून बघा तरंगतो का. बोटाएवढा जाड, २० मीटर. त्याच्या टोकाला गोडेतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन बांधायचा, कॅनमध्ये ग्लासभर पाणी ठेवायचं म्हणजे फेकायला वजन येतं आणि झाकण घट्ट लावलं की तरंगतोबी. दोर गुंडाळून ठेवू नका, गोणीच्या पिशवीत वरून नुसता सोडत जायचा, म्हणजे फेकताना गाठ पडत नाही.

फेकायच्या आधी ओरडा, "दोर!" म्हणून, त्याचं लक्ष आपल्याकडं आलं पाहिजे. कॅन त्याच्या डोक्यावरून पलीकडं टाकायचा, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडतो, अलीकडं पडला तर त्याला तिथवर पोहत यावं लागतं आणि तेवढा दम असता तर तो बुडला कशाला असता. त्यानं धरला की आपण लगेच खाली बसायचं, टाचा मातीत रोवून, कारण धारेचा झटका उभ्या माणसाला ओढून नेतो. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा नाही, हे पोरांना शंभर वेळा सांगा तरी कोणतरी गुंडाळतोच. धरून बसलं की धारच त्याला गोल फिरवून काठाला आणते, ओढत बसायची गरज नसते. त्याला सांगायचं उताणा हो, पाय खालच्या अंगाला कर.

ट्रॅक्टरची ट्यूब स्वस्तात मस्त आहे पण तिचा वॉल्व बाहेर आलेला असतो तो पोटात-बरगडीत घुसतो, त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी बांधून घ्या. लाईफ जॅकेट बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला एक, आणि नवं आणलेलं आधी गुडघाभर पाण्यात घालून बघा, काही जॅकेट नुसत्या शोभेची असतात, माणूस खाली आणि जॅकेट कानाशी.

आता माणसं कशी लावायची. कोणी बुडतोय म्हणून बोंब उठली की पहिल्यांदा एकानं त्या माणसाकडं हाताचं बोट दाखवत उभं राहायचं. बस, त्याचं दुसरं काम नाही. नजर हटवायची नाही, फोन उचलायचा नाही. माणूस दिसेनासा झाला की शेवटचा कुठं दिसला ती जागा त्यानं पक्की धरायची, समोरच्या काठावरची एखादी बाभळ आणि मागचा मंदिराचा कळस एका रेषेत पकडून. आमच्याकडचे भोई लोक गळ-जाळ्याची जागा अशीच लक्षात ठेवतात, त्यांच्याकडून शिका. दुसरा एक जण वरच्या अंगाला, वाहत येणारं लाकूड, जनावर बघून शिट्टी मारायला. दोन-तीन दोरवाले खालच्या अंगाला, पहिल्याचा दोर हुकला तर दुसऱ्याला सापडावा म्हणून. एक जण फोन आणि वहीवर, ११२, अॅम्ब्युलन्स १०८, जिल्हा कंट्रोल रूम १०७७, आणि वहीत वेळ लिहायची, किती वाजता बुडाला, किती वाजता कोणाला कळवलं. पुढं पंचनाम्याला तीच वही कामाला येते. आणि दोन धिप्पाड माणसं गर्दीला. खरं सांगतो, पाण्यापेक्षा गर्दी जास्त त्रास देते, शंभर जण शंभर सल्ले देतात, निम्मे व्हिडिओ काढायलेले असतात आणि त्यातच एखादा पिऊन आलेला चड्डीवर उडी मारायला निघतो. त्या कामाला आम्ही आमच्या गावातले दोन पैलवान लावलेत.

बुडणारा ओरडत नाही, हेबी ध्यानात घ्या. जो ओरडतो त्याच्या छातीत अजून हवा आहे. खरा बुडणारा गप्प असतो, डोकं मागं टाकलेलं, तोंड पाण्याच्या बरोबरीला, हात बाजूला पाणी दाबल्यासारखे. लहान लेकरू तर अर्ध्या मिनिटात पाण्याखाली जातं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला पोरं बैल धुवायला नेतात तेव्हा आणि गणपती विसर्जनाला आम्ही घाटावर आधीच बसतो. विसर्जनाला एकच नियम ठेवलाय, घरच्यांनी गुडघ्याच्या पुढं यायचं नाही, मूर्ती जॅकेटवाल्या पोरांच्या हातात द्यायची. पहिल्या वर्षी लई भांडणं झाली, आता आपणहून देतात.

जागा ओळखणं हे आणखी एक काम, पावसाळ्याच्या आधी चालत जाऊन बघायचं. वाळू उपशाचे खड्डे सगळ्यात वाईट, कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता माणूस एकदम दोन पुरुष खोल. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथं खाली पाणी उलटं फिरतं, वरून दिसायला शांत पण आत गेलेलं लाकूडसुद्धा तिथंच गरगरत राहतं, तिथं बोट न्यायची नाही, फक्त दोर. धारेत उभ्या असलेल्या बाभळी टाळा, पाणी त्यातून निघून जातं, माणूस अडकतो. आणि शेततळं. मराठवाड्यात शेततळी लई झाली, पण प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं की पोहणाऱ्यालाबी बाहेर येता येत नाही, पाय ठेवला की घसरतो. चारी बाजूंनी हात-हात अंतरावर गाठी मारलेले दोर सोडा, वर खुंटीला बांधा, एक ट्यूब पाण्यात टाकून ठेवा, शेतकऱ्याला शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, आमच्या पोरांनी उन्हाळ्यात फिरून फिरून स्वतःच बांधून दिलेत. मोटारीची वायर पाण्यात असेल तर फ्यूज काढल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. विहिरीत कोणी बेशुद्ध पडला असेल तर त्याच्यामागं उतरायचंच नाही, खाली विषारी वायू असू शकतो, एकामागून एक तिघं-चौघं जातात.

पाणी किती येणार याचा अंदाज नुसत्या पैठणच्या बातमीवर बांधू नका. जायकवाडीला २७ दारं आहेत, ऑगस्ट २००६ ला अडीच लाख क्युसेक सोडलं तेव्हा पैठण शहरातच पाणी शिरलं होतं. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, आणि १ लाख क्युसेक दिवसभर चाललं की साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट पाणी. पण पैठणची दारं बंद असतानासुद्धा मंजरथला सिंदफणा मिळते, पुढं पूर्णा मिळते, मध्ये हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे, ते कधी उघडतील त्यावर आपलं पाणी. सप्टेंबर २०२५ ला तर सिंदफणा, मांजरा, सीना सगळ्याच फुगल्या होत्या. म्हणून आम्ही पुलाच्या खांबावर रंगानं फुटाफुटाच्या खुणा केल्यात, आणि वरच्या दोन गावातल्या पोरांशी फोन ठेवलाय, त्यांच्याकडं किती वाढलं ते कळलं की आपल्याकडं कधी येईल याचा दोन-तीन पावसाळ्यात बरोबर हिशोब बसतो. गढूळपणा वाढला, काड्या-कचरा वाहून यायला लागला की समजा वर चढतंय.

माणूस बाहेर काढला आणि श्वास नाही तर पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही, डोक्यावर घेऊन गरगर फिरवायचं तर बिलकुल नाही, म्हातारी माणसं हट्ट करतात, त्यांना बाजूला न्या. पाठीवर झोपवा, डोकं मागं, नाक धरून आधी तोंडानं २ ते ५ श्वास, मग छातीच्या मधोमध दोन्ही हातानं ३० दाब, ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, परत २ श्वास, १०८ येईपर्यंत थांबायचं नाही, दर दोन मिनिटाला माणूस बदला. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, फुफ्फुसात पाणी गेलेला माणूस दोन-चार तासांनी परत बिघडू शकतो. हे सगळं प्रत्यक्ष शिकायला आपदा मित्र या सरकारच्या स्वयंसेवक योजनेचं १२ दिवसांचं ट्रेनिंग असतं, कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा, आणि तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील यांच्याकडं टीमची यादी देऊन ठेवा, म्हणजे काही झालं तर तुम्ही कोण असं कोणी विचारत नाही.

आणि नाही सापडला तर. हे लिहायला जड जातं पण काम आहे. साठलेल्या पाण्यात माणूस जिथं दिसेनासा झाला त्याच्या जवळपासच तळाला असतो, लांब शोधत बसू नका, गळ तिथंच फिरवा. नदीत वळणावर, बाभळीत, खड्ड्यात. उन्हाळ्यात एक-दोन दिवसात वर येतो, थंडीत जास्त लागतात. घरच्यांना काठावर उन्हात बसवू नका, एक जाणता माणूस त्यांच्याजवळ ठेवा, आणि सापडल्यावर आधी चादर, मग बाकीचं. पोरं रात्री झोपत नाहीत, त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवून चहा पाजा, बोलू द्या.

सामान कुठं ठेवता तेबी बघा. आमचं सुरुवातीला एका खोलीत कुलपात होतं, नेमक्या वेळी चावीवाला लग्नाला गेलेला, दार तोडलं. तेव्हापासून दोर, ट्यूब, जॅकेट मारुतीच्या देवळाच्या ओसरीत खुंटीला टांगलेलं असतं, कुलूप नाही. वापरून झालं की दोर सावलीत वाळवायचा, उन्हानं प्लास्टिकचा दोर ठिसूळ होतो, आणि मृग निघायच्या आधी एकदा चौघांनी ओढून बघायचा. इतक्या वर्षांत एकदाच दोर गायब झाला, बघतो तर गल्लीतल्या एकानं त्याला म्हैस बांधलेली.